सुरक्षेला दहापैकी दहा

मी मुळात भित्री बाई आहे. हे कुणाला सांगून पटत नाही. गळ्यात शिट्टी आणि पायात बूट असले की बाई धीट असणारच, असं लोक धरून चालतात. पण मी गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी आहे. मुलींना बसमध्ये चढवताना मी तीनदा मोजते आणि बस सुटली की चौथ्यांदा. लग्न होऊन साताऱ्याहून लखनौला आले. नवरा रेल्वेत इंजिनीअर, आज बदली होईल उद्या होईल म्हणता म्हणता सव्वीस वर्षं इथेच गेली. त्यातली एकवीस मुलींच्या एका कॉलेजात खेळ शिकवण्यात. इतक्या वर्षांत मला माझ्या भित्रेपणाचं कधी वाईट वाटलं नाही, कारण त्याचा उपयोगच व्हायचा. मुलींचे वडील मला बघून निर्धास्त होत.

दरवर्षी दिवाळी झाली की वरून पत्र येतं आणि मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचे सामने कुठे घ्यायचे हे ठरवायला समिती नेमली जाते. समिती म्हणजे आम्ही दोघं. एक संयोजक सर, मुलांच्या कॉलेजातले, निवृत्तीला टेकलेले. दुसरी मी. सर काटेकोर माणूस. रिंग जमिनीपासून बरोबर दहा फुटांवर आहे का हे बघायला ते स्वतःचा बांबू घेऊन येतात, त्यावर खिळ्याने खूण केलेली आहे. अहवालातल्या एकेका शब्दावर ते माझ्याशी भांडतात. मी ‘ठीक’ लिहिलं की विचारतात, “ठीक माने कितना ठीक, मैडम?” मला त्यांचा वैताग यायचा आणि आधारही वाटायचा. आम्ही दोघांनी मिळून पंधरा-सोळा वर्षं या शहरातली मैदानं पालथी घातली होती.

यजमान व्हायला कॉलेजं उत्सुक असतात. घरच्या मैदानावर खेळायला मिळतं, उद्घाटनाला कुणी बडा पाहुणा येतो, पेपरात फोटो छापून येतो. त्यामुळे आम्ही पाहणीला गेलो की गुच्छ, खस्ता कचोरी, चहा, आणि कोर्टावर आदल्या दिवशी मारलेल्या पांढऱ्या रेषा, अजून ओल्या. सरांच्या बुटाला एकदा रंग लागला तेव्हा प्राचार्यांनी स्वतःच्या रुमालाने तो पुसला होता. या सगळ्याला आम्ही फसत नाही असा आम्हा दोघांचा समज होता.

गेल्या हिवाळ्यात जे झालं त्याचं मूळ मात्र त्याच्या आदल्या वर्षात आहे. त्या वर्षी सामने हज़रतगंजजवळच्या एका जुन्या कॉलेजात घेतले होते. कोर्ट उत्तम, मेट्रोने यायला सोपं, पण रस्त्याकडची भिंत जेमतेम छातीइतकी. दुसऱ्याच दिवशी त्या भिंतीवर टवाळ पोरांची रांग बसली, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. त्यातल्या कुणीतरी मुलींचा व्हिडिओ टाकला आणि खाली नको ते लिहिलं. माझ्या संघातल्या दोघी पुढच्या आठवड्यापासून सरावाला आल्या नाहीत. एकीच्या घरी मी गेले, तर तिचे वडील अगदी अदबीने म्हणाले, “आपकी ग़लती नहीं है मैडम। पर अब नहीं।” ते ओरडले असते तर मीही चार शब्द बोलले असते. त्या अदबीपुढे मी नमस्कार करून निघाले.

म्हणून गेल्या वर्षी मी हट्टाने पाहणीच्या फॉर्मात एक नवा रकाना घालून घेतला. सुरक्षा, दहा गुण. भिंतीची उंची, फाटकावर पहारेकरी, बाहेरच्यांना बंदी, कॅमेरे. सरांनी कॅमेऱ्यांपुढे ‘किती’ असं जोडलं, म्हणजे जितके कॅमेरे जास्त तितके गुण जास्त. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. घरी येऊन मी नवऱ्याला फॉर्म दाखवला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्याच वर्षी माझ्या संघात एक नवी मुलगी आली होती. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, नुकती अठरा पूर्ण झालेली, डावखुरी. बास्केटबॉलमध्ये डावखुरी मुलगी मिळणं म्हणजे काय असतं ते शिकवणाऱ्यालाच कळतं. समोरची तिला उजवीकडे अडवायला जाते आणि ही डावीकडून निघून गेलेली असते. एकवीस वर्षांत अशी मला ही पहिलीच मिळाली होती, आणि मी तिच्यावर जीव टाकत होते हे लपवत नाही. तिला मी ‘लेफ्टी’ म्हणायचे, सगळ्या म्हणायच्या.

लेफ्टीच्या वडिलांचं अमीनाबादला कापडाचं दुकान. कॉलेजच्या मैदानावर खेळायला त्यांची ना नव्हती, पण बाहेर सामने खेळायचे म्हटल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडून मी चालत गेले. त्यांनी मला गादीवर बसवलं, चहा मागवला, गिऱ्हाईक थांबवून ठेवलं. मग विचारलं, जागा कोणती, तिथे कोण येतं जातं, मुली कपडे कुठे बदलतात. मी म्हटलं, जागा अजून ठरायची आहे, पण ठरवणाऱ्यांत मीच आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “तो फिर मैं आपके भरोसे भेजूँगा। पर एक भी बात हुई, तो ये घर बैठेगी। फिर आप मत आइएगा समझाने।” लेफ्टी दुकानाच्या पायरीवर पाठमोरी उभी राहून हे ऐकत होती.

पाहणीला तीन कॉलेजं होती. हज़रतगंजचं पुन्हा अर्जात होतंच, ते आम्ही पहिल्याच दिवशी काढून टाकलं. दुसरं अमीनाबादेतलंच मुलींचं कॉलेज, पण बाहेरगावच्या संघांची बस त्या गल्लीत शिरणं अशक्य, आणि कोर्टाच्या तिन्ही बाजूंनी लोकांच्या गच्च्या. तिसरं चिनहटच्या पुढे, फैजाबाद रोडवर, औद्योगिक वसाहतीला लागून नवं झालेलं. तिथे आम्ही गाडीतून उतरलो आणि सर हळूच म्हणाले, “ये तो विलायत है।” बंदिस्त हॉल, लाकडी फरशी, दोन पुरुष उंचीची भिंत, फाटकावर वर्दीतले पहारेकरी. त्यांनी आमचीसुद्धा ओळखपत्रं बघितली तेव्हा मला अगदी बरं वाटलं.

तिथले डायरेक्टरसाहेब गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी आम्हाला आपल्या केबिनमध्ये नेलं. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्यावर सोळा चौकोन. फाटक, जिने, व्हरांडे, वर्ग, हॉल, सगळं दिसत होतं. “मैडम, हमारे यहाँ चिड़िया भी आए तो हमें पता चलता है,” ते म्हणाले. सरांनी चौकोन मोजले. मी फॉर्म काढला आणि सुरक्षेपुढे दहापैकी दहा लिहिलं.

मग मुलींची कपडे बदलायची खोली बघायला गेलो. म्हणजे तो एक वर्गच होता. सगळ्या कॉलेजात असाच एखादा वर्ग देतात, बाकं एका बाजूला सारून. इथे मात्र डायरेक्टरसाहेबांनी मुद्दाम मुलींसाठी एक उभा आरसा आणून ठेवला होता, लाकडी चौकटीचा. इतक्या वर्षांत कुठल्या यजमानाला आरसा सुचला नव्हता. मी दारात उभं राहूनच म्हटलं, वा. एरवी मी खोलीत जाते, दार लावून बघते, आतून कडी आहे का तपासते. वर्गांना कडी बाहेरूनच असते, शिपायाने कुलूप लावायला. त्या दिवशी हॉलमधून सर बांबू घेऊन हाका मारत होते, डायरेक्टरसाहेब मागे उभे होते, आणि मला त्या आरशाचं कौतुक वाटत होतं. मी आत गेले नाही. ‘खोली: आहे, उत्तम’ असं लिहिलं. सरांनीही त्या ‘उत्तम’वर वाद घातला नाही.

चिनहटची निवड झाली. सोमवारपासून तीन दिवस सामने होते. त्याच्या आधीच्या शनिवारी शहरातल्या संघांना सरावासाठी हॉल खुला केला होता. मी मुलींना घेऊन गेले. डिसेंबरचं धुकं दुपारपर्यंत हटलं नव्हतं, बाकीच्या मुली घरून ट्रॅकसूट घालूनच आल्या होत्या. लेफ्टी एकटी सलवार-कुर्त्यात होती, हातात पिशवी. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मैम, चेंज यहाँ कर लूँ?” मी म्हटलं, “हाँ हाँ, जा। मैंने ख़ुद देखा है।” आणि तिला खोली कुठे आहे ते हाताने दाखवून मी डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये चहाला गेले. सर आधीच येऊन बसले होते.

रविवारी सकाळी नवरा बाजारातून भाजी घेऊन आला होता आणि मी मटार सोलत बसले होते. फोन वाजला. स्पर्धेच्या ग्रुपवर डायरेक्टरसाहेबांच्या माणसाने शनिवारचे फोटो टाकले होते. एका फोटोत मी गुच्छ घेतेय. आता मी किती जाड दिसतेय हे बघायला मी फोटो मोठा केला. माझ्या खांद्यामागे तो टीव्ही होता. खालून दुसऱ्या ओळीतल्या एका चौकोनात एका बाजूला सारलेली बाकं होती, रिकामी खोली होती, आणि भिंतीला टेकलेला उभा आरसा होता.

मटारचं ताट मांडीवरून खाली गेलं. नवरा म्हणाला, “काय झालं?” मी फोन त्याच्यापुढे धरला आणि बोट ठेवलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला, कारण तो आरसा कुठल्या खोलीतला हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर तोही खाली बसला.

मग मला आणखी एक गोष्ट आठवली. शनिवारी केबिनमध्ये मी टीव्हीकडे पाठ करून बसले होते. समोरच्या दोन खुर्च्यांवर सर आणि डायरेक्टरसाहेब होते. त्यांची तोंडं टीव्हीकडे होती. आम्ही वीस-पंचवीस मिनिटं चहा प्यालो, कचोऱ्या खाल्ल्या, नॅपकिन कुणी पुरवायचे यावर बोललो. त्याच वेळी लेफ्टी त्या खोलीत होती.

मी कप्तानला फोन लावला. काहीतरी निमित्त काढून विचारलं, काल त्या आरशाच्या खोलीत कोण कोण गेलं होतं. कप्तान तिसऱ्या वर्षाची, शांत मुलगी. ती म्हणाली, “कोई नहीं मैम। हम लोग बाहर कहीं चेंज नहीं करते।” मी विचारलं, कहीं म्हणजे? “कहीं भी नहीं। घर से पहन के आते हैं, वैसे ही घर जाते हैं। सीनियर दीदी लोगों ने पहले साल ही बता दिया था।” मग ती म्हणाली, “लेफ्टी को हमने मना किया था। वो बोली, मैम ने ख़ुद देखा है।”

सोळा वर्षं मी ‘खोली: आहे’ असं लिहीत आले होते, आणि त्या खोल्यांत माझ्या मुली पायही ठेवत नव्हत्या. ट्रॅकसूट थंडीमुळे घालतात अशी माझी समजूत. घामाने भिजलेल्या कपड्यांवर स्वेटर चढवून त्या थंडीत घरी जायच्या आणि आठवडाभर खोकायच्या, मी त्यांना आलं खायला सांगायचे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला तो एकीनेच.

नवरा म्हणाला, “आत्ताच जाऊ. रेकॉर्डिंग पंधरा-वीस दिवस तसंच राहतं.” डायरेक्टरसाहेबांना मी फोन करून खोलीतल्या कॅमेऱ्याचं सांगितलं, तेव्हा माझ्या आवाजातला राग लपत नव्हता. ते घाईघाईने म्हणाले, “अरे मैडम, हमारी भी इज़्ज़त का सवाल है। जो मिटाना है मिटाइए। बस बात बाहर न जाए।” ते स्वतः बाहेरगावी होते. कंप्युटर सांभाळणारा माणूस तिथे असेल म्हणाले.

तो तिशीतला, मफलर गुंडाळलेला माणूस होता. मी विचारलं, शनिवारी हे कुणी बघितलं? तो म्हणाला, “स्क्रीन तो चालू ही रहती है मैडम। सोलह में से कौन किसको देखे।” मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो खरं बोलतोय की खोटं, हे मला त्याच्या तोंडावरून कळेना. अजूनही कळलेलं नाही. मी त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. नवरा दारात पडद्याकडे पाठ करून उभा राहिला आणि तिथून सांगू लागला, आता हे दाब, आता तारीख निवड, आता वेळ. त्याची पाठ ताठ होती.

काय आहे हे बघितल्याशिवाय मला घरी जाता येणार नव्हतं. मी बघितलं. लेफ्टी पिशवी घेऊन आत आली. तिने दार लावलं आणि कडी शोधली. दाराच्या वर, मध्ये, खाली, तिन्ही ठिकाणी हात फिरवला. कडी नव्हतीच. मग ती एक बाक ओढायला लागली. बाक जड होतं, ते तिने दोन वेळा थांबून दारापर्यंत नेलं आणि आडवं लावलं. दार ढकलून बघितलं. मग खिडकीशी गेली, दोन्ही खिट्ट्या तपासल्या, आरशात स्वतःकडे बघून जीभ काढली, आणि कॅमेऱ्याच्या अगदी खाली येऊन, सुरक्षित वाटलेल्या त्या कोपऱ्यात, पिशवी उघडली. तिथे मी थांबवलं.

नवऱ्याने विचारलं, “आहे?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, एवढा तुकडा पुसता येत नाही, सगळी डिस्क पुसावी लागेल. पुसली. त्या माणसाकडून कॅमेरा काढून घेतला, वायरसकट. मला वाटलं होतं की कॅमेरा हातात आला की भीती जाईल. परत येताना तो माझ्या पर्समध्ये होता आणि मला सारखं वाटत होतं की कुणीतरी त्याच्या आधीच मोबाइलवर उतरवून घेतलं असेल. आजही कॉलेजच्या फाटकाबाहेर दोन मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून हसताना दिसली की मी तिथेच थांबून त्यांच्याकडे बघत राहते.

त्या दिवशी दुपारभर आमच्यात एकच बोलणं चाललं होतं. नवऱ्याचं म्हणणं, तिला सांगू नकोस, पुसलंय ना, उगाच पोरीच्या जिवाला घोर. माझं निम्मं मन तेच म्हणत होतं, आणि ते निम्मं भित्र्या बाईचं होतं. उरलेलं निम्मं म्हणत होतं की अंग तिचं आहे, माझं नाही. वडिलांना सांगावं हाही विचार आला. सांगितलं तर तिचा खेळ त्याच दिवशी संपला असता. नाही सांगितलं तर त्यांनी गादीवर बसवून माझ्यावर जो भरवसा टाकला होता त्याचं काय. मी त्या दिवशी जेवले नाही.

सोमवारी सकाळी चिनहटला बस थांबली. मी लेफ्टीला बसमागे घेऊन गेले. धुक्यात फाटकसुद्धा दिसत नव्हतं. मी सगळं सांगितलं, एका दमात, माझी चूक होती हेही सांगितलं. ती ऐकताना बुटाच्या नाड्या बांधत होती. एक बांधून झाली, तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली. मग खाली बघूनच विचारलं, “किसने देखा?”

“मैंने। बैग खोलने तक। फिर बंद कर दिया।”

“और?”

“और किसी ने नहीं,” मी म्हटलं. मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं.

ती उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ पांढरे पडले होते. “पापा को बताया?”

“नहीं। बताना चाहिए, ऐसा मुझे लगता है।”

“मत बताइएगा,” ती म्हणाली. “बताएँगी तो बंद मेरा खेलना होगा। कैमरे वालों का क्या होगा?” ती हॉलकडे गेली. कुर्ता काढण्याचा प्रश्नच नव्हता, त्या दिवशी तीही घरूनच ट्रॅकसूट घालून आली होती.

ती तिन्ही दिवस खेळली. चांगली खेळली म्हणायला मला जड जातं, पण चांगली खेळली. मी टेबलावर बसून गुण लिहीत होते आणि दर दोन मिनिटांनी मान वर करून हॉलच्या कोपऱ्यांतले कॅमेरे बघत होते. संयोजक सर शेजारी होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. सोळा वर्षांच्या ओळखीचा, मुलींना ‘बेटा’ शिवाय हाक न मारणारा माणूस. त्याने काही बघितलं असेल असं मनात आणायचीही मला लाज वाटायची, आणि मनात दुसरं काही येत नव्हतं. विचारावं तर कसं? काही बघितलं नसेल तर मी त्यांना आयुष्यभराची जखम दिली असती, आणि बघितलं असेल तर ते हो म्हणाले नसते.

अंतिम सामन्याला लेफ्टीचे वडील आले, दुकान बंद ठेवून, पहिल्यांदाच. फाटकावर त्यांची झडती घेतली, नाव लिहून घेतलं, तर त्यांना त्याचा आनंद झाला. त्यांनी भिंती बघितल्या, पहारेकरी बघितले, कोपऱ्यातले कॅमेरे बोटाने मोजले. आम्ही सामना चार गुणांनी हरलो. नंतर ते मुलीला घेऊन माझ्याकडे आले. हात जोडून म्हणाले, “मैडम, दिल ख़ुश हो गया। ऐसी जगह हो तो हम किसी बेटी को न रोकें। अगले साल भी यहीं रखिएगा।”

मी हातातल्या गुणपत्रकाची घडी घालू लागले. लेफ्टीने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि अगदी सहज म्हणाली, “नहीं पापा, यहाँ की लकड़ी पर पैर फिसलता है। मैम भी यही कह रही थीं।”

“अच्छा?” त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. अठरा वर्षांची मुलगी मला वाचवत होती, आणि मी वाचत होते.

जानेवारीत अहवाल लिहायला सर आणि मी माझ्या कॉलेजात बसलो. मी लिहिलं: फरशी घसरडी आहे, पुढील वर्षी ही जागा विचारात घेऊ नये. चिनहटच्या त्या फरशीवर सरांनी स्वतः मोजे घालून चालून बघितलं होतं आणि शहरात अशी फरशी नाही असा शेरा दिला होता. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि थांबले. घसरडी म्हणजे किती घसरडी, कोण घसरलं, केव्हा, हे ते विचारणार, आणि मग मला सांगावं लागणार, याची मला धास्ती होती. त्याहून जास्त मला हवं होतं की त्यांनी विचारावंच, काही न बघितलेला माणूस विचारेल तसं.

त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. पेनाचं टोपण काढलं, सही केली आणि माझ्याकडे न बघता कागद परत दिला.